झुंबरचं पाणी

३ जानेवारी १९९४
आले एकदाची सिल्वासाला! अथालला खोली मिळाली, मालकीणबाई गोड आहेत. इस्पितळ लहान, पण सोनोग्राफीचं मशीन नवंकोरं, आणि ते चालवता येतं फक्त मला. भाव खाऊन घेतला. डॉक्टर प्रभाकरांना एक नवीन करून बघायचंय. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं. ते किती काढायचं हे पायांची सूज बघून नाही, पोटातली मोठी शीर मोजून ठरवायचं. नाकाने सर्रकन श्वास ओढला की निरोगी माणसाची शीर चिमटते, पाणी जास्त असेल तर ढिम्म हलत नाही. आधी माझ्याच पोटावर करून बघितलं. काय सुंदर चिमटली!

५ जानेवारी
पहिला पेशंट झुंबर, मसाटच्या कारखान्यातला, मूळचा धुळ्याकडचा. पाठीला तीन उशा लावूनही धापा टाकतो. शीर अंगठ्याएवढी जाड. लघवीचं इंजेक्शन सुरू केलं. बायको बायडाबाई त्याच्या उशाशीच असते, जेवायलाही हलत नाही.

७ जानेवारी
वजन दोन किलो कमी, शीर बारीक. डॉक्टर खूश. पण लघवीचं भांडं कोरडं! बायडाबाईने न मोजताच ओतून दिलं म्हणून त्यांनी तिला झापलं. ती नवऱ्याची शपथ घेऊन म्हणाली, थेंबसुद्धा आला नाही. मग पाणी गेलं कुठं?

९ जानेवारी
झुंबर आडवा झोपतो, चहात खारी बुडवून खातो. भांडं कोरडंच. माझ्या चपला मात्र घट्ट झाल्यात. मालकीणबाईंचे पापड नडले, दुसरं काय.

११ जानेवारी
जिना चढताना धाप लागली. बायडाबाई म्हणाली, ताई, तुमनं तोंड सुजेल शे. हसण्यावारी नेलं, पण काट्यावर उभी राहिले. सहा किलो वाढलेय. झुंबरचा कागद काढला. तो सहा किलो उतरलाय. मला भीती वाटतेय.

१२ जानेवारी, सकाळ
दार लावून स्वतःची शीर मोजली. जाड. श्वास ओढला, हलली नाही. गुपचूप त्याचंच इंजेक्शन टोचून घेतलं.

दुपार
चपला सैल झाल्या. लघवीला गेलेसुद्धा नाही. आणि वॉर्डात झुंबर — उठून बसलाय, ओठ निळे —

१३ जानेवारी
म्हणजे दोघांत एकालाच —

डॉक्टरांनी माप मागितलं. त्याची शीर पुन्हा अंगठ्याएवढी. मी लिहिलं, बारीक, इंजेक्शन नको. हो, लिहिलं. मलाही जगायचंय. देवा, माफ कर.

बायडाबाई मशीनच्या पडद्याकडे बघत होती. रोज बघून बघून तिलाही कळायला लागलंय. उठून बाहेर गेली —

डॉक्टरांना घेऊन आली. म्हणे नळी जाड आहे, ताईंनी खोटं लिहिलं. पडद्यावर चित्र तसंच होतं, त्यांनी स्वतः बघितलं. सिस्टरला म्हणाले, दुप्पट द्या.

मी सगळं सांगितलं. पाया पडले. वेड लागलं म्हणे —

सुई गेली. झुंबर आडवा झाला — झोपला —

बायडाबाई मशीनच्या खोलीच्या दारात. तिला कळलंय. रडतेय, हात जोडतेय, आणि बाहेरून दार लावून घेतेय —

बोटं सुजलीत, पेन धरवत नाही — श्वास घेते, आत पाणी — आत —