सात कानशींवरचं मेण

२० जून १९९४, सोमवार

वहीबाई, रागावू नकोस. बावीस दिवस तुला उघडलं नाही. चष्म्याची काडी मोडली होती. दोरा बांधून लिहायला बसलो तर ओळी उतरणीला लागायच्या. आता नवी काडी आहे, पण ती कानामागे टोचते. उशीर झाला, चुकलो.

काल हरेश आला होता रोह्याहून, सुरभीला घेऊन. माझी नात आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. सगळ्या वर्गात एकटी मुलगी. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा १३ जुलैला. लोखंडाच्या पाटीत चौकोनी भोक पाडायचं आणि त्यात बरोबर बसेल असा चौकोन घासून काढायचा.

हरेशला हे पहिल्यापासून पटलेलं नाही. जेवताना म्हणाला, "पास झाली तर शिकू दे. नाय झाली तर टायपिंगचा क्लास. आणि बाबा, तुम्ही मधे पडू नका."

मी भात कालवत राहिलो.

निघताना सुरभी कानाशी आली. "आजोबा, स्वतःची हत्यारं आणली तरी चालतात. तुमच्या कानशी द्याल?"

मी म्हणालो, "देईन की. कालच दुकानातून आणल्यात अशा आहेत."

असं मी का म्हणालो? आठ वर्षं झाली रिटायर होऊन. सात कानशी पेटीत आहेत. पेटी शेवटची कधी उघडली, आठवत नाही.

२१ जून

आज पेटी उघडणार होतो. किल्ली सापडली नाही. सापडली, पण तोवर दिवस मावळला होता. उद्या.

२२ जून

उघडली. नको उघडायला होती.

सातपैकी चार तांबड्या. सपाट स्मूथ कानस, जिच्यावर सगळं शेवटचं काम होतं, ती तर वाळक्या बोंबलासारखी. दातांत बोट फिरवलं तर बोटाला विटकरी पूड.

दोष माझाच. दोन वर्षांपूर्वी मेणकागद फाटला म्हणून शेजारच्या शिवाकडून गोणीचा तुकडा मागून आणला आणि त्यात गुंडाळल्या. शिवा मिठागरावर काम करतो. आमच्या गावात मिठाची गोणी कुठे नसते? पाय पुसायला तीच, कांद्याला तीच, पावसात डोक्यावर तीच. कोरडी खडखडीत होती, मी उन्हात झटकलीसुद्धा. पण धाग्यात मुरलेलं मीठ झटकून जातं का? पावसाळी हवा लागली की ते पाझरतं. तीस वर्षं फिटर होतो मी!

हरेशची आई सरू दारातून बघत होती. म्हणाली, "कानशींचं लोणचं घातलंत व्हय? मुरलंय चांगलं."

मधल्या तीन वाचल्या. तेवढंच.

२४ जून

दोन दिवस तारेचा ब्रश चालवतो आहे. दातांच्या तिरक्या रेघेनेच घासायचं, आडवं नाही. वरचा गंज गेला, खोबणीतला हलत नाही. वर्कशॉपात असताना आम्ही ॲसिडात बुडवायचो. हरेशच्या कंपनीत ॲसिडाची पिंपं भरलेली असतात, पण हरेशला विचारायचं म्हणजे कारण सांगावं लागेल. त्याला कळता कामा नये. "बघा, हत्यारंच सडलेली," म्हणेल.

झोप नीट नाही. पोटात आंबट.

पोटात आंबट म्हणताना आठवलं. कोकमाचं आगळ! आंबट म्हणजे ॲसिडच की.

२५ जून

सरू देवळात गेली तेवढ्यात फळीवरची बाटली घेतली. पातेल्यात चार कानशी, वर आगळ. बुडबुडे यायला लागले. सायंकाळी काढल्या, पाण्याने धुतल्या. काय सांगू! दात राखाडी, स्वच्छ. नखावर ओढून बघितली तर नखाची भुकटी झाली. आंबटाने धारही लागली आहे. दोन घास जास्त जेवलो. रात्री सरूला सोलकढी कर म्हणणार होतो, वेळीच थांबलो.

२६ जून

सकाळी चारही लाल. पहिल्यापेक्षा लाल.

आता सरूला सांगावंच लागलं. ती आधी रिकामी बाटली बघून हबकली, मग माझ्याकडे बघून हसत सुटली. "अहो, आगळ टिकायला त्यात मूठमूठ मीठ घालते मी. चाळीस वर्षं खाताय नि ठाऊक नाय? मला विचारलं असतंत तर तोंड झिजलं असतं?"

गोणीतून काढून पुन्हा मिठातच बुडवल्या. मी काय माणूस आहे!

ती म्हणाली, "चिंच घ्या. माझ्या चिंचेत मीठ नाय, नुसता गोळा हाय." आणि स्वतःच उकळायला ठेवली. फार बडबडली, पण ठेवली.

२८ जून

चिंचेने काम केलं. रात्रभर चिंचेच्या पाण्यात, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात, मग चुलीशेजारी सुकत. यावेळी लाल नाहीत. दर तासाला उठून बघतो. सरू म्हणते, "बाळंतिणीला एवढं बघत नाय कोणी."

पण उघडं पोलाद या हवेत चार दिवस राहणार नाही. वर काहीतरी हवंच. तेल नको. तेल लागलेली कानस लोखंडावरून घसरते, कापत नाही. रंग नको, दात बुजतात. खडू तर ओल पितो. मग काय?

२९ जून

विचार करून उपयोग नाही, करून बघायचं. एका पेटीतले पाच खिळे घेतले. एक तसाच. एकाला खोबरेल. एकाला मेणबत्तीचं मेण. एकाला व्हार्निश. एकाला मधाच्या पोळ्याचं मेण, ते डोंगरावरून मध विकायला येते त्या धोंडुबाईकडून घेतलं. पाचही पडवीच्या वाशाला दोऱ्याने टांगले, खाडीकडून वारा येतो त्या बाजूला.

शिवा जाताना थांबला. "नाथाभाऊ, खिळ्यांचं तोरण? लगीन कोणाचं?"

"तुझ्या गोणीचं," म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

४ जुलै

निकाल लागला. उघडा खिळा पहिल्याच दिवशी गेला. खोबरेल तिसऱ्या दिवशी. मेणबत्तीचं मेण डोक्याजवळ तडकलं, तिथून गंज शिरला. व्हार्निश टिकलं, पण सुरीने खरवडलं तरी निघेना, दातांत बसलं तर कानस फुकट. पोळ्याचं मेण मऊ, चिकट, एकही ठिपका नाही!

शाळेत चौथीपुढे गेलो नाही, पण पाचांत एक नंबर काढून दाखवला.

कानशी गरम करून मेण ब्रशने चढवलं. सातही मधासारख्या पिवळसर दिसतात. एकेक खाकी कागदात. गोणी शिवाला परत दिली.

८ जुलै, शुक्रवार

रोह्याला जाऊन आलो. कानशी सुरभीच्या हातात दिल्या. पोरीने कागदावरूनच कुरवाळल्या. हरेश शिफ्टवरून नुकताच आला होता. वास घेऊन म्हणाला, "मेण कसलं? देवळातल्या मूर्ती हायत काय?" मी म्हटलं, "खाडीची हवा आहे, जपलेलं बरं." त्याने पुढे विचारलं नाही. सुटलो.

सुरभीला बजावून आलो, परीक्षेच्या सकाळपर्यंत कागद उघडू नकोस, हवा लागेल. ती म्हणाली, "शपथ आजोबा, नाय उघडत."

येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. पेणला उतरून सरूला भजी घेतली. आजचा दिवस चांगला गेला.

९ जुलै

पहाटे डोळे उघडले ते घाम फुटूनच.

मेण काढायला सांगितलंच नाही.

तेल घसरतं म्हणून तेल नको म्हणालो, आणि मेण काय चावणार आहे लोखंडाला? मेणाची कानस पाटीवरून नुसती सरकेल. रॉकेलने धुऊन, ब्रश मारून, मग दातांत कीस अडकू नये म्हणून खडू घासूनच वापरायची. मला ठाऊक होतं म्हणून सगळ्यांनाच ठाऊक असेल असं धरलं. आयटीआयत तेल पुसायला शिकवत असतील, पोळ्याचं मेण कोण शिकवणार? आणि आधी उघडू नको अशी शपथ मीच घातली. पोर शब्दाची पक्की आहे, हाच घोटाळा!

परीक्षेच्या हॉलमध्ये रॉकेल कुठून येणार?

१० जुलै

निघालो होतो. एसटी वडखळवरून परत फिरवली. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आहे. पॅसेंजर गाडीही पेणलाच उभी.

घरी आल्यावर सरू म्हणाली, "मग फोन करा." हरेशच्या घरी फोन नाही. कंपनीत आहे, गेटवर. म्हणजे सांगायचं ते हरेशलाच. जो पोरीला टायपिंगला घालायला टपला आहे, त्यालाच सांगायचं की पोर नापास होऊ नये म्हणून हे कर. त्याने नुसतं विसरायचं आहे. विसरलो म्हणायला काय लागतं?

सरूला हे बोलून दाखवलं. ती भाजी चिरायची थांबली. "आपला पोरगा हाय तो. सावकार नाय."

११ जुलै, सोमवार

पेणच्या बूथवर दीड तास. तीनदा लाइन तुटली. चौथ्यांदा गेटवरचा माणूस म्हणाला, "थांबा काका, बोलावतो." पाठीमागे चार माणसं उभी, त्यांतला एक घड्याळ दाखवतो आहे.

हरेश आला. मी सगळं सांगितलं. गोणी, आगळ, चिंच, मेण. ठरवलं होतं अर्धंच सांगायचं, पण तोंड सुरू झालं की थांबत नाही. शेवटी म्हटलं, "रॉकेलने धू. ब्रश दातांच्या रेघेने मार, आडवा नको. मग खडू. स्मूथ कानशीला जास्त."

तिकडे मशिनचा आवाज. मग तो म्हणाला, "बरं."

एवढंच. "बरं" आणि फोन बंद.

आता "बरं" म्हणजे काय? बरं, सांगतो? की बरं, ऐकलं? वाटेत पुंडलिक मास्तर भेटले, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "नाथा, बरं म्हणजे बरं." शिकलेल्या माणसाचा काही उपयोग नाही.

१३ जुलै

परीक्षा. आता नऊ वाजले. आता अकरा. सरूने पाट धुतला, मला त्यावर बसवलं आणि भिजवलेले पावटे सोलायला दिले. टरफलं भांड्यात आणि पावटे कोंबड्यांना गेले. तिने नुसता माझा हात बाजूला केला.

१४ जुलै

काही नाही.

१५ जुलै

काही नाही. पोस्टमन आला तो शिवाकडे. पाणी उतरलं म्हणतात, एसटी सुरू आहेत. पण जायला पाय उचलत नाही. जाऊन काय बघायचं? सरूला म्हटलं, उद्या जाऊ. ती म्हणाली, "तुमचं उद्या मी ओळखते."

१६ जुलै, शनिवार

कार्ड आलं. हरेशच्या हातचं. आयुष्यात पहिलं, लग्नानंतरही त्याने कधी लिहिलं नव्हतं. जसंच्या तसं उतरवतो.

"बाबांना नमस्कार. कानशी मी पुसल्या, सातही. दोन संध्याकाळी लागल्या. माझा दाढीचा जुना ब्रश कामी आला. सुरभीचा चौकोन पाटीत बसला, दिव्यासमोर धरला तर कडेने उजेड येत नव्हता असं सर म्हणाले. निकाल पुढे लागेल, पण मी तिला दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आणून दिली. मी सातवीत असताना तुमच्या कानशीला हात लावला म्हणून तुम्ही मला पट्ट्याने मारलं होतं. परवा पहिल्यांदा हातात धरली. कशी चालवायची ते येत नव्हतं. सुरभीने दाखवलं. आईला नमस्कार. हरेश."

सरूला वाचून दाखवलं. ती आत जाऊन पुन्हा बाहेर आली, कार्ड माझ्या हातातून घेऊन स्वतः बघत बसली. तिला वाचता येत नाही.

मला तो मार आठवत नाही. खरंच आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

१७ जुलै

पोस्ट बंद, रविवार. तरी कार्ड लिहून ठेवलं. चार फाडली, पाचवं ठेवलं. लिहिलं: हरेश, पोरीने दाखवलं ते चांगलंच असणार, पण पुढे ढकलताना जोर आणि मागे घेताना उचलायची, हे तिला सांगितलं आहे का ते विचार. उभं कसं राहायचं तेही असतं. मी अजून उभा राहू शकतो. येत्या सुट्टीला कानशी घेऊन ये, लोखंड धरायचा वाइस मी साफ करून ठेवतो. सुरभीला आणलं तर आण, नाही तर एकटा ये. येतोस की नाही ते कळव रे. लगेच कळव.