न कापलेला पट्टा

मंगळवार, संध्याकाळचे सात. घाटकोपर.

तुलनेसाठी ठेवलेलं निरोगी रक्त संपलं, म्हणून आज अंधेरीच्या लॅबमध्ये मी माझंच वापरलं. चाचणी सिकलसेलची, रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. जीवाणूंपासून मिळवलेलं एन्झाइम डीएनए ठरलेल्या जागी कापतं. तिथे दोष असला तर कापत नाही. माझा अर्धा डीएनए कापलाच गेला नाही, म्हणजे आजार नसला तरी दोष माझ्यात. जेलवर, दिव्याखाली, न कापलेल्या डीएनएचा तो वरचा पट्टा नुसता चमकत राहिला. पुन्हा केलं. पट्टा तिथेच. चूक माझी असेल ना? पण दोनदा?

घरी येऊन आईला फोन केला. माझ्या जन्माआधीच गेलेल्या दादाबद्दल विचारलं, "त्याची हाडं दुखायची का गं? डोळे पिवळे?"

ती हळूच म्हणाली, "तुला कोणी सांगितलं? गावात सगळे म्हणाले, बाधा झाली."

मला तिसरा महिना. माझ्या नवऱ्यात, नीलेशमध्येही, हाच दोष असेल, तरच बाळाला तो आजार होऊ शकतो.

नीलेश आत्ताच आला. म्हटलं, "उद्या लॅबला चल, तुझं रक्त हवंय."

"का गं? मला काय झालंय?"

"काही नसू दे रे," एवढंच मी म्हणाले.