डाव्या चाकाची आतली कड

प्रिय माऊ,

गाडी आपल्या गॅरेजमधल्या रंगाऱ्याबरोबर पाठवतोय, पुढच्या खणात हे पत्र ठेवलंय. आधी कामाचं. चाकाला खालून धरून ठेवणारा डावीकडचा लोअर आर्म नवा टाकला, पुढचे दोन्ही टायर बदलले आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट केली. हा क्रम लक्षात ठेव. तुझ्या तिकडच्या चकाचक दुकानाने सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट करून दिली, तरी टायर आतून झिजतच राहिला, कारण चाक ज्या सांध्यावर तोललेलं असतं तो आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंटच ढिला होता. मशीनवर उभ्या गाडीचे आकडे बरोबर येणारच. गाडी धावू लागली की चाक आपलं पुन्हा आत कलायचं. बाहेरून टायर कालच घेतल्यासारखा दिसत होता. खाली बसून आतल्या कडेवरून हात फिरवला तेव्हा रबर झिजून उघडी पडलेली तार बोटाला लागली.

आता जे सांगायला जड जातंय ते. महिन्यापूर्वी तू आली होतीस, वळताना आणि स्पीडब्रेकरवर पुढून टकटक येते म्हणालीस. तुला शेजारी बसवून मी चौकापर्यंत चक्कर मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की गाडी ठणठणीत आहे, टकटक तुझ्या डोक्यात आहे, माहेरी यायला निमित्त हवं असेल तर सरळ तसं सांग. सगळे हसले, तूही हसलीस. जॅक लावायचे कष्टही मी घेतले नाहीत. पस्तीस वर्षं बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून मी खोड सांगत आलो. मला आवाज आला नाही म्हणजे आवाज नाहीच, असं धरून चाललो.

मागच्या आठवड्यात तू गाडी सोडून गेलीस ती जावयाने हट्ट धरला म्हणून, हे मला ठाऊक आहे. बरं झालं त्याने धरला. रंगाऱ्याने गाडी सावलीत घ्यायला जेमतेम वीस पावलं हलवली आणि उतरून विचारलं की पुढे एवढं काय आपटतंय. मी शेजारीच उभा होतो, मला काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. मग जॅक लावला, चाक वरखाली धरून हलवलं, तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. आणखी एखादा मोठा खड्डा लागता तर सांधा निखळून चाक गाडीखाली दुमडलं असतं. याच गाडीतून तू रोज पिल्लूला शाळेत सोडतेस. मी तिथेच स्टुलावर बसलो. रंगाऱ्याने न मागता पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी कान तपासून आलो. डावा जवळजवळ गेलाय, उजवा अर्धा. हातोड्यांच्या आवाजात जन्म काढला, दुसरं काय होणार. यंत्र यायला तीन आठवडे आहेत. तोवर ट्रायल घेताना रंगारी शेजारी बसतो आणि काय ऐकू येतंय ते मला सांगतो. पहिल्या दिवशी लाज वाटली, आता तोच भाव खातो. आई म्हणते, ती दोन वर्षं हेच सांगत होती. सांगत असेल बापडी, मला कसं कळणार?

माऊ, हे फोनवर सांगता आलं असतं, पण खरी पंचाईत तिथेच आहे. गेलं वर्षभर तू बोलतेस आणि मी अंदाजाने हो, बरं, छान म्हणतो. गाडी आणून सोडलीस त्याच्या आदल्या गुरुवारी तू बराच वेळ बोललीस, नेहमीपेक्षा हळू. मी शेवटी छान झालं म्हणालो. त्यावर तू फोन ठेवलास. त्यानंतर माझ्याशी धड बोलली नाहीस, किल्लीसुद्धा टेबलावर ठेवून गेलीस. आईला विचारायचा धीर झाला नाही. तिला माहीत नसलं तर उगाच घोर लागेल. पोरी, त्यातला एक शब्द मला कळला नव्हता. जे सांगितलंस ते लिहून दे. उत्तर हातात पडल्याशिवाय निघायचं नाही, असं रंगाऱ्याला बजावलंय.

तुझाच,
बाबा