भुताच्या सिनेमात आलेलं रडू

प्रिय आई,
डब्लिनहून तुला प्रेमाचा जयभीम.

मी बरी आहे, पोटभर जेवते. थंडीही आता सोसते.

परवा हॉस्पिटलात माझ्याच वॉर्डात नर्स असलेल्या लिनीसोबत भुताचे दोन सिनेमे पाहिले. पहिल्यात नुसतं रक्त, भीती काही वाटली नाही. दुसरा विनोदी होता. त्यातली मेलेली म्हातारी रोज स्वयंपाकघरात येऊन घरच्यांना अगदी तुझ्यासारखं विचारायची, "जेवलात का?" सगळं थिएटर हसत होतं आणि मी रडत होते. लिनी घाबरलीच!

मग तिला आपल्या बीडीडी चाळीतल्या खोलीबद्दल सांगितलं. टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला की मजल्यावरची सगळी पोरं आपल्याकडे यायची. हडळ दिसली की आम्ही तुझ्या पदरात शिरायचो आणि तू लसूण सोलता सोलता तिलाच दटावायचीस, "आधी केस विंचर, बाई!"

टॉवरमधल्या नव्या घरात आता तू कुणासोबत बघतेस? फोनवर "मजेत आहे" म्हणतेस, पण मागे टीव्ही सतत चालू असतो. समोरच्या कमळाबाईंना बोलावत जा ना. गुडघा कसा आहे?

मे महिन्यात येतेय, रजा मिळाली. तोवर रविवारी फोन चालू ठेवून दोघी एकच सिनेमा बघूया. घाबरलीस तर लपवू नकोस. मी आता मोठी झालेय.

तुझीच,
मंजिरी