ऑगस्टमधली शर्यत

भालकी,
ता. १२ जून १९४६

चि. सोमशेखर यास मल्लम्मा अक्काचा आशीर्वाद. आज द्यावासा वाटत नव्हता, पण रीत मोडत नाही. इकडे ठीक. माहेरी जनवाड्याला अप्पांचे गुडघे दुखतात.

तुझं लंडनचं पत्र माझ्या सासरी पोचलं. तू जिवंत आहेस हे वाचून देवघरात जाऊन रडले. पुढचं वाचलं आणि असा संताप आला की समोर असतास तर थोबाडीत दिली असती. विमान पडलं, जर्मनांच्या कैदेत होतास, तिथून पत्र निघेना, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण गेल्या मे महिन्यात सुटलास ना? ऑगस्टात शंभर यार्ड धावून तिसरा आलास, हेही लिहितोस! धावायला पाय होते, चार ओळी लिहायला हात नव्हता? "पहिला नंबर आल्यावरच कळवावं म्हटलं" म्हणे. शाळेपासूनची खोड तुझी. हरलास की दोन दिवस घरी यायचा नाहीस.

सरकारी कागद आला होता, 'बेपत्ता'. वर्षभर वाट पाहून अप्पांनी अंत्यविधीला जंगमांना बोलावलं. पुरायला देह नव्हता, म्हणून तुझे शर्यतीचे खिळ्यांचे बूट विभूती लावून, बेलपान वाहून आजोबांच्या समाधीशेजारी पुरले. तेच तू आता पार्सलने मागतोस.

निलम्मा मजेत आहे.

नाही, एवढ्याने भागणार नाही. बायकोला बोटीचं तिकीट पाठवतो, तिकडेच संसार थाटू, म्हणतोस. तर ऐक. मार्गशीर्षात आम्ही तिची उडकी केली, खटकचिंचोळीच्या विरुपाक्षाशी दुसरं लग्न लावून दिलं. ती तयार नव्हती. "अक्का, मला वाटायलंय ते हायत," म्हणायची. मीच म्हटलं, "अगं, असता तर पळत आला असता की! कामून थांबायलीस?" पळतच होतास रे, पण कुणीकडे!

तिला आता पाचवा महिना आहे. माणूस चांगला मिळाला, ती हसायला लागली आहे. तिला एक ओळ जरी लिहिलीस तर मी तुझी कुणी नाही.

अप्पांनाही सांगणार नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही. सकाळी कळलं की दुपारी खटकचिंचोळीला पोचेल. मी माहेरी गेले की ते तुझं नाव काढून रडतात आणि मी शेजारी गप्प बसते. म्हणजे तू आता माझ्या एकटीपुरताच जिवंत आहेस, सोमू.

वेळेवर जेवत जा.

तुझ्यावर मरेपर्यंत चिडून राहणारी,
अक्का