वाकड्या तारेचा ट्रक

भोर,
ता. १४ नोव्हेंबर २००२

नसरीन यांस,

लियाकतचा सलाम. इकडे सर्व ठीक. वेल्ह्याला थंडी आमच्यापेक्षा जास्त, तेव्हा तुमच्या अम्मींना पहाटे सहेरीला उठताना पायांत मोजे घालायला सांगा. रोजे झेपत असतील अशी आशा आहे.

माझं पत्र बघून दचकाल. तुमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण आपण एकमेकांशी थेट एक वाक्य बोललेलो नाही. जेठानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलू नये ही आपल्या घरची रीत. मी भिंतीकडे बघून तुमच्या जावेला, अकिलाला सांगायचं, "वेल्ह्याला पाऊस कसा आहे विचार," आणि तुम्ही पदराआडून तिलाच सांगायचं, "बरा आहे म्हणावं." तिघंही एकाच खोलीत. फिरोज हसायचा. "भाईजान, मधी एक्स्चेंज कशाला? डायरेक्ट लाईन घ्या की!"

आता तर फिरोज गेल्यावरची तुमची इद्दत चालू आहे, ते चार महिने दहा दिवस पुरे होईपर्यंत मी तुमच्या दारात येणं बरं दिसणार नाही. अकिलाला पाठवलं असतं, पण तिला शगुफ्ताला सोडून हलता येत नाही. निरोप तोंडी पाठवला की वाटेत त्याचा एखादा कोपरा उडतोच, म्हणून लिहितो आहे.

झालेल्या गोष्टीबद्दल काही लिहीत नाही. ती तुम्हालाही माहीत, मलाही.

काम शगुफ्ताच्या ट्रकचं आहे. फिरोजनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला, निळा, वीतभर लांब. चाकांना सोड्याच्या बाटलीची बुचं, ॲक्सलला सायकलची तार. काम अगदी कच्चं. कडा मुडपलेल्या नाहीत, टपाचा एक कोपरा वर, एक खाली. मी त्याला म्हटलंही होतं, "अरे, गुण्या लावून काटकोन बघत जा." तरी पोरीला तोच लागायचा. आमच्या ओट्यावर, पायरीच्या बाजूला, रोज संध्याकाळी. दुसरी जागा नाही, दुसरी वेळ नाही.

तिचं तुम्हाला ठाऊकच आहे. नऊ वर्षांची झाली, बोलत नाही, नजर देत नाही, कुणाच्या हातून काही घेत नाही. ताट समोर ठेवून आपण मागं सरायचं, मग ती जेवणार. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. मी तो शब्द कागदावर लिहून घेतला आणि त्यावर मिळेल ते वाचून काढलं. सातवी शिकलेला माणूस विजेच्या मोटारींच्या पुस्तकांवरून इंग्रजी शिकतो, वायंडिंगचं दुकान काढतो, तर स्वतःची मुलगी का नाही वाचता येणार, असं मला वाटलं होतं.

ट्रकचं एक बूच निघालं होतं. फिरोज महाडला जायला निघाला त्या सकाळी आमच्याकडे थांबला आणि ट्रक घेऊन गेला. "शगूबाई, वाटेत कुठंतरी सोडा पितो अन् टायर बसवून आणतो," म्हणाला. तिनं नेऊ दिला. दुसऱ्या कुणाला नेऊ दिला नसता.

तेव्हापासून ती संध्याकाळी ओट्यावर बसते आणि ट्रक जिथं थांबायचा तिथं फरशीवर तळहात टेकून ठेवते. दिवेलागण झाली की ओरडायला लागते. डोकं भिंतीवर आपटते. अकिलानं भिंतीला गोधडी बांधली आहे.

मी नवा ट्रक केला. त्याच मापाचा, निळा रंग मिळवून, चारही चाकं एका रेषेत. माझ्या हातून निघालेलं चांगलं काम आहे, कुणीही म्हणेल. तिनं तो हुंगला आणि पायरीखाली चपलांत नेऊन ठेवला.

म्हणून विचारतो. पोलिसांनी फिरोजच्या टेम्पोच्या केबिनमधलं सामान एका पोत्यात भरून तुमच्याकडे दिलं होतं. टेम्पोवाला कुंडलिक सांगत होता, ते तुम्ही अजून उघडलेलं नाही. मीही उघडलं नसतं. पण ट्रक असलाच तर त्यातच असणार.

घाई नाही, असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू?

आपला,
लियाकत
(मोटर वायंडिंग, भोर)

---

भोर,
ता. २४ नोव्हेंबर २००२

नसरीन यांस,

सलाम. कुंडलिक काल दुकानावर आला. टेम्पो चालूच ठेवून उतरला, टोपी काढून उभा राहिला. एरवी तो माझ्याशी भाड्यावरून भांडल्याशिवाय बोलत नाही. "लियाकतभाई, ह्ये घ्या. वैनींनी दिलंय. म्या सोडून बी बघितलं न्हाई," म्हणाला, आणि चहाला न थांबता हिर्डोशीला गेला.

रुमालाची गाठ मी घरी आल्यावर सोडली. तुम्ही ते पोतं उघडलंत.

ट्रक तोच आहे. तीन बुचं जुनी गंजलेली, चौथं नवं कोरं. म्हणजे त्यानं चाक बसवलं होतं. बसवून तो परत निघाला होता.

रुमाल त्याचा आहे. मी तो सध्या ठेवून घेतला आहे. तुम्हाला हवा असेल तर कळवा.

आता पुढचं लिहितो. पुढची तार वाकलेली होती, चांगलीच, करंगळीच्या पेराएवढी. घाटात गाडी पडली त्यात वाकली असणार हे उघड आहे. मी ती काढली, ऐरणीवर ठोकून सरळ केली, भोकांना तेल दिलं, टपाचा कोपरा बसवला. अकिला म्हणत होती, "आधी पोरीला द्या तर! काय दुरुस्ती करायची ती मागनं करा." मी म्हटलं, वाकडी वस्तू कशी द्यायची? इतके दिवस थांबली, आणखी अर्धा तास थांबेल.

मग ओट्यावर तिच्यासमोर ट्रक ठेवून मी मागं सरलो.

नसरीन, तिनं ट्रक ओळखला. दोन्ही हातांनी उचलून गालाला लावला. नवं बूच जिभेनं चाखलं. अकिला दारात तोंडात पदर कोंबून उभी होती. शगुफ्तानं ट्रक फरशीवर ठेवला आणि दरवाजाकडे ढकलला. तो सरळ गेला, उंबऱ्याला धडकला आणि थांबला.

ती बघत राहिली. ट्रककडे नाही, फरशीकडे, तळहात टेकायच्या त्या जागेकडे. मग उठून ट्रक आणला, पुन्हा ढकलला. पुन्हा उंबरा. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. मला वाटलं, समोरून परत ढकलायला कुणीतरी हवं असेल, म्हणून मी उंबऱ्यावर बसलो आणि ट्रक तिच्याकडे सोडला. तिनं हात मागे घेतला. मग ती ओरडली. अशी ट्रक नव्हता तेव्हाही ओरडली नव्हती.

अकिला मला म्हणाली, "तुमाला कुठलीबी गोष्ट सरळ केल्याबिगर चैन पडत न्हाई." तिचं एवढंच बोलणं रात्रभर पुरतं.

मला एक सांगा. फिरोज तिच्याशी नेमकं काय खेळायचा? तो यायचा तेव्हा मी दुकानात असायचो. गिऱ्हाईक असायचं, नसलं तरी मी एखाद्या मोटारीचं आर्मेचर हातात घेऊन बसायचो. ओट्यावर त्या दोघांची खिदळ ऐकू यायची. हो, दोघांची. शगुफ्ता हसायची तेव्हा. मला वाटायचं, त्याला काय, वेल्ह्याहून पंधरवड्यातनं एकदा यायचं, हसवायचं आणि जायचं. मी एकदाही उठून बघितलं नाही.

वर्षानुवर्षं मी त्याला काम शिकवलं. आज त्याच्याकडून एक गोष्ट शिकायची आहे आणि विचारायला तुम्हीच राहिलात.

आपला,
लियाकत

---

भोर,
ता. ३ डिसेंबर २००२

नसरीन,

तुझं पत्र पोचलं. 'तू' लिहिलं आहे, खोडत नाही. वयानं तू मला लेकीसारखी आहेस, आणि तूही पत्रात 'भाईजान' म्हणून थेट लिहिलं आहेस. मधलं एक्स्चेंज निघालं. ज्याला बघून आनंद झाला असता तो नाही.

तू लिहिलेलं मी अकिलाला वाचून दाखवलं. "तार त्यांनी मुद्दाम वाकवली होती, भाईजान. तुमच्या ओट्याला पाणी वाहून जायला उतार आहे ना, तर खालून ढकललेला ट्रक वर चढतो, वाकड्या तारेनं वळतो आणि उतारावरनं आपोआप तिच्याकडे परत येतो. शगू कुणाच्या हातून काही घेत नाही, म्हणून हे. ते म्हणायचे, तिच्या हातातनं गेलेली गोष्ट परत येते एवढं पोरीला कळलं, की ती हळूहळू हात सोडायला शिकंल. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही गुण्या काढाल म्हणून."

काढला असता. खरं आहे.

हा ओटा मी स्वतः घातलेला. पाणसळ लावून अर्ध्या बोटाचा उतार मी दिलेला. त्यावरून रोज जातो येतो, आणि त्या उताराचा असा उपयोग मला कधी दिसला नाही. वाचून झाल्यावर अकिला म्हणाली, "आता रडा, न्हाईतर पक्कड घ्या. दोन्ही एकदम नका करू, बोट चिमटंल." दफनाच्या दिवशी मी रडलो नव्हतो. खांदा दिला, माती दिली, कुणाला चहा पोचला नाही ते बघितलं. लोक म्हणाले, लियाकतभाईंनी किती व्यवस्थित केलं सगळं.

पक्कड घेतली. पण किती वाकवायचं? माप कुठंच नाही. वाकलेली तार हातात आली होती, ती मीच ठोकून पुसून टाकली. करंगळीच्या पेराएवढी, असं तुला लिहिलं होतं, तेवढाच आधार. वाकवली, तर ट्रक भिंतीला गेला. आणखी वाकवली, तर जागच्या जागी गिरकी घेऊन कलंडला. अकिला फरशीवर बसली आणि सांगत राहिली, "जरा जास्त. न्हाई, आता लई झालं. वाईच मागं घ्या." जन्मात पहिल्यांदा मी अंदाजानं काम केलं. दुकान बंद ठेवलं होतं. पाटील मोटार न्यायला आले, ओट्यावर मला खेळताना बघून गेले.

इफ्तार झाल्यावर जमलं. ट्रक उतार चढून गेला, उंबऱ्याच्या अलीकडे वळला आणि खाली आला. तोंड पुढं करून, आपण होऊन. मी टपाचा कोपराही पुन्हा वर उचलून ठेवला होता.

दुसऱ्या संध्याकाळी शगुफ्तासमोर ठेवला. ती बराच वेळ हात लावेना. मग ढकलला. गेला, वळला, आला आणि तिच्या तळहाताला येऊन टेकला.

ती हसली, नसरीन. आवाज करून. मग पुन्हा ढकलला. पुन्हा आला. भिंतीची गोधडी आज अकिलानं सोडली आणि उन्हात टाकली.

इथं पत्र संपवायचं ठरवलं होतं. ट्रक मिळाला, चालला, मुलगी जेवली. तुला आनंदाची एवढीच बातमी कळवावी असा विचार होता. पण अर्धं सांगणं माझ्यानं होत नाही.

ट्रक हाताशी आला की आता ती दर वेळी मान वर करते आणि रस्त्याकडे बघते. स्टँडकडनं येणाऱ्या रस्त्याकडे. तिथनंच त्याचा टेम्पो यायचा. कुठलीही गाडी वळली की उठून पायरीपर्यंत जाते, गाडी पुढं गेली की परत येऊन बसते. आधी असं करत नव्हती. ट्रक नव्हता तोवर ती फक्त ट्रकची वाट बघत होती. आता ट्रक परत आला आहे. गेलेलं परत येतं, हे त्यानं तिला शिकवलं, आणि ते ती नीट शिकली आहे.

तिला कसं सांगू? मोठ्या माणसाला मी 'अल्लाची मर्जी' म्हणेन आणि तोही मान हलवेल. तिच्याजवळ तसली मान नाही. मी सगळी पुस्तकं पुन्हा काढून बघितली.

काल मीही ओट्यावर तिच्या शेजारी बसलो. मधे हातभर जागा सोडून, तिला लागते तेवढी. ती ट्रक ढकलत होती आणि रस्त्याकडे बघत होती. एक पिवळा टेम्पो वळला. त्याचा नसणार हे माहीत असून मी उठलो. दोघंही पायरीपर्यंत गेलो. कुंडलिकचा होता. त्यानं आम्हाला दोघांना तसं उभं बघितलं आणि हॉर्न न वाजवता गेला.

जानेवारीत तुझी इद्दत पुरी झाली की अम्मींना घेऊन इकडे ये. सामान काय आणायचं ते आण, जाण्याची तारीख ठरवून येऊ नकोस. मी भिंतीकडे बघून बोलणार नाही. तू स्टँडकडच्या रस्त्यानंच चालत ये, रिक्षा करू नकोस. तिकडनं एक तरी माणूस येताना तिला दिसू दे.

रुमाल परत पाठवत नाही.

फिरोजचा भाऊ