आंब्याखालचा सागवानी भुसा

मी, सुगंधा गुणाजी घाडी, वय एकोणसाठ, अविवाहित, राहणार भांडुप (पश्चिम), डोंगराकडची बाजू, झाडे वाढवणे व त्यांच्या किडी ओळखणे या विषयाची सेवानिवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही. दडपण आणून पाहणारे पुढे नावानिशी येतील. डॉक्टर चंद्रप्रकाश म्हणतात की माझे हृदय मोठे झाले आहे. असा आरोप माझ्यावर आजवर कोणी केला नव्हता, म्हणून लगेच लिहायला बसले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या भावाच्या मुलाने, जयवंताने, मागे एक टाइप करून सहीसाठी आणले होते. कागद चांगला जाड होता. त्यावर मी निंबोळ्या वाळत घातल्या.

कलम पहिले. बँकेत जे काही असेल ते माझ्या धाकट्या भावाची विधवा वनमाला हिला द्यावे. तिने ते आपल्या मुलाच्या, जयवंताच्या, हातात देऊ नये. देईल, हे मला ठाऊक आहे, पण लिहून ठेवलेले बरे.

कलम दुसरे. छाटणीच्या कात्र्या, करवत, पाठीवरचा फवारणी पंप आणि खोडातल्या अळ्या ओढून काढायच्या तारा प्रेमाला द्याव्यात. ही माझी विद्यार्थिनी, गोवंडीला रोपवाटिका चालवते. पहिल्या दिवशी अळी बघून ओकली होती. आता गिऱ्हाइकाशी भाव करता करता चिमटीत धरून काढते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, तिच्याशी हुज्जत घालून आजवर कोणी जिंकलेले नाही. भिंग एथेलला द्यायचे होते. ती प्रशिक्षण केंद्रात माझ्या शेजारच्या टेबलावर होती आणि जेवणाच्या डब्याची माझी वाटेकरीण. पण ती इथे साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. हरकत नाही. भिंग तिने गणपतीतच नेले आहे.

कलम तिसरे. आमच्या मुलुंडच्या प्रशिक्षण केंद्राचे संचालक श्यामकांत साहेब यांना मी एक पाटी देते. तिची हकीकत अशी. साहेब परदेशी जाऊन आले आणि येताना डोक्यात सुबाभूळ घेऊन आले. गुरांना चारा, बायकांना सरपण, कारखान्याला लगदा, जमिनीला खत. साहेबांचे ऐकत बसले तर सुबाभूळ पोरींची लग्नेसुद्धा जमवणार होती. आवारातले करंज, बहावा, जांभूळ, सगळे काढून तीच लावली. मग भिंतीवर पाटी लागली, "सुबाभळीला कीड लागत नाही." मी भर बैठकीत म्हटले, "साहेब, किडीला अजून पत्ता मिळालेला नाही, एवढंच लिहा." दुसऱ्या दिवसापासून मी भांडारात बसून फावडी मोजत होते. गेल्या वर्षी किडीला पत्ता मिळाला. तिळाहून लहान असा उडता मावा आला आणि बघता बघता कोवळे शेंडे काळे पडले. साहेब म्हणाले, "सुगंधाबाई, हे अगदीच अनपेक्षित." अनपेक्षित कसले, कपाळ! मैलभर एकच झाड लावायचे म्हणजे किडीला पाट मांडून बसवायचे. निवृत्तीच्या दिवशी मला शाल आणि नारळ दिला. पाटी मी माझी मीच उतरवून घेतली. ती साहेबांना त्यांच्या घरी, शक्यतो पाहुणे आलेले असताना देण्यात यावी.

तसेच माझ्या नावाने कोणी वृक्षारोपण करू नये. केंद्रात मागच्या तीन पाहुण्यांनी एकाच खड्ड्यात रोपे लावली आहेत. खड्डा तेवढा चांगला वाढला.

कलम चौथे, घर. वडिलांनी गिरणीत राबून ही जागा घेतली, भिंती माझ्या पगारातून उभ्या राहिल्या आणि कागद माझ्या नावावर आहेत. अंगणात रायवळ आंबा आहे. केंद्रात किडे बाटलीत असतात, स्पिरिटमध्ये, साहेबांसारखे फुगलेले. ते बघून कोणी काही शिकत नाही. म्हणून दर रविवारी मी प्रशिक्षणाच्या बायापोरांना या आंब्याखाली बसवले आणि घराकडची एक फांदी मुद्दाम किडकी ठेवली. तिच्यात खोड पोखरणारी अळी आहे, आम्ही तिला भिरूड म्हणतो. जरा पुढे सरकली की तार घालून बाहेर. बाकी झाड खणखणीत आहे, माझ्याहून तर नक्कीच. त्या एका फांदीवर किती जणी शिकून पोटाला लागल्या. मला मूलबाळ नाही, पण या झाडाखाली मला एकदाही तसे वाटलेले नाही.

याच झाडाखाली जयवंतही शिकला. संपात गिरणीची नोकरी गेल्यावर घरात लोळत होता, मीच त्याला केंद्रात घातला. आता घाटकोपरला लोकांच्या घरची झुरळे मारतो. मारू दे, प्रामाणिक धंदा आहे. पण तिथे त्याला एक बिल्डर भेटला. त्या बिल्डरच्या नकाशात माझ्या आंब्याच्या जागी मोटारी उभ्या आहेत. झाड किडून धोकादायक झाल्याचे ठरले की तोडायची परवानगी मिळते, हे जयवंताला माहीत. का नसणार, मीच शिकवले आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी तो परवानगी देणाऱ्या साहेबांना घेऊन अंगणात आला. मी बाहेर आले तर बुंध्याभोवती भुशाचा ढीग. रात्रीत भिरुडाचा एवढा भुसा? मी चिमूटभर उचलून वास घेतला.

"जयवंता, आंब्यातून सागवान कधीपासून बाहेर पडायला लागलं रे?"

"आत्या, तू आत जा ना. उगाच बीपी वाढेल."

सुताराच्या दुकानातून पिशवी भरून आणला होता! रंध्याचे कुरळे सालपेसुद्धा तसेच. मला विश्वासघाताचा राग आला, पण रडू आले ते या कामाचे. माझा विद्यार्थी! भिरुडाचा भुसा ओलसर असतो, विष्ठेत मळलेला. अरे, चोरायचाच तर हातभर अंतरावर ती फांदी होती, तिच्याखालचा तरी उचलायचा. तिकडे बघायचीही याला आठवण झाली नाही. साहेबांना मी खरा भुसा दाखवला, फरक समजावला. भला माणूस. हसला आणि जाता जाता म्हणाला, "बाई, आज परत जातो. पण उद्या हे मालक झाले आणि पुन्हा अर्ज केला, तर मला पुन्हा यावं लागेल."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. वनमाला चूल सोडून आली आणि म्हणाली, "वन्सानू, तुमका पोरगो जास्ती काय झाड?"

"झाडानं मला अजून फसवलेलं नाही," मी म्हटले. ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिचे काय चुकले? तिला तो एकच आहे.

म्हणून घर आणि खालची जमीन मी जयवंतालाच देते. वनमाला हयात आहे तोवर तिला तिथून कोणी हलवू नये. मेल्यावर मी पोराला रस्त्यावर काढले असे व्हायला नको. मूर्ख आहे, पण आमचा आहे.

कलम पाचवे, झाड. झाड केंद्राला द्यावे तर तिथे आधी समिती बसेल. तोडू नये अशी अट घालावी तर ती बघायला मी नसेन. शेवटी मी आमच्या मुलखाच्या रिवाजाकडे वळले. कोकणात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचे असते, आणि दुसऱ्याचे म्हणजे बहुधा दहा जणांचे. बाबांनी या आंब्याची कोय मालवणकडच्या आमच्या गावातून, भाऊबंदांच्या सामाईक आंब्याखालून, कोणाला न विचारता उचलून आणली होती. तेव्हा न्यायाने हे झाड त्यांचेच आहे. सदर आंबा मी वरच्या घरचे, मधल्या घरचे, खालच्या घरचे, बडोद्याला गेलेले आणि बेळगावकडचे ज्यांचा पत्ता कोणालाच माहीत नाही, अशा सर्व घाड्यांना समान हिश्शाने देते. त्याची एक डहाळी जरी तोडायची झाली तरी या सर्वांच्या सह्या एकाच कागदावर, एकाच दिवशी, एकमेकांसमोर बसून व्हाव्यात.

गावचा तो सामाईक आंबा मधल्या घराच्या कौलांवर ओणवा झाला आहे. दर पावसाळ्यात कौले फुटतात. तरी वरच्या घरचे सही देत नाहीत, कारण कुठल्याशा लग्नात मधल्या घरच्यांनी मानाचा नारळ आधी खालच्या घरी दिला. नारळ देणारा मेला, घेणारा मेला, नवरानवरीही गेली. आंबा उभा आहे.

जयवंता, तुला मी सगळ्या किडींवरची औषधे शिकवली. भाऊबंदकीवरचे अजून निघालेले नाही.

सही: सुगंधा गुणाजी घाडी

साक्षीदार:
१. एथेल बॅप्टिस्ट परेरा, मरोळ, अंधेरी (पूर्व). बाईंनी माझ्यादेखत सही केली. भिंग मी मागून नेले होते.
२. डॉ. चंद्रप्रकाश नाबर, भांडुप. बाईंना तपासले. शुद्धीवर आहेत. तपासताना माझ्या कुंडीतल्या लिंबाच्या किडीबद्दल मला बोलणी बसली.

ठिकाण: भांडुप, मुंबई
दिनांक: ३ डिसेंबर १९८९